तिच्या चित्रांखाली माझी ओळ

नमस्कार मंडळी.

मागे उभे आहात त्यांनी जरा पुढे या. इथे सतरंजीवर जागा आहे. लाजू नका, या हॉलमध्ये मी तुमच्यातल्या निम्म्यांना बाकावर उभं केलेलं आहे, आता खाली बसायला सांगतेय तर बसा.

मला बोलायला अवघड जातंय. मला! ज्यांनी माझ्या तासाला बसून जांभया दिल्यात, ते आत्ता एकमेकांकडे बघतायत. बघा. पण खरंच सांगते, घरून निघताना चार वाक्यं मनाशी जुळवली होती, ती दाराशी चपला काढतानाच गेली. कारण मी आत आले आणि ही गर्दी बघितली. बाया, बापे, कडेवर पोरं, हरसूलहून सकाळची एसटी धरून आलेली माणसं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? दुःख नाही आलं. ते आठवडाभर सोबतच आहे. माझ्या मनात आलं, एवढी गर्दी माझ्या शोकसभेला होईल का?

नाही होणार. मला माहीत आहे नाही होणार. आणि मला कुमुदचा असा राग आला म्हणता!

हसा. तिला चाललं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी निर्मला. या शाळेत मराठी शिकवायचे. कुमुद खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा तेच बूट. आमच्या शाळेत बायकांना नावाने कोण हाक मारतंय? ती मला 'मराठी' म्हणायची, मी तिला 'पीटी'. "काय मराठी, डब्यात काय?" असं म्हणत यायची आणि माझी मेथीची भाजी माझ्याआधी संपवायची. निवृत्त झालो तरी 'पीटी' नि 'मराठी' सुटलं नाही. भाजीबाजारात चारचौघांत ओरडायची, "ए मराठी, वांगी घेऊ नकोस, किडकी आहेत!" भाजीवाल्या मावशी माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच म्हणाले.

गेल्या आठवड्यात पीटी गेली. सकाळी फिरून आली, चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत बसली. सुहास, तिचा भाचा, तिच्याकडेच राहतो, तो आंघोळ करून आला तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं आणि ती तशीच बसलेली होती. एवढंच. आजारपण नाही, दवाखाना नाही. जातानासुद्धा कोणाला ताटकळत ठेवलं नाही. मला ब्लड प्रेशर, मला शुगर, मला गुडघे, आणि गेली कोण? ती. यातही तिनेच पुढे नंबर लावला.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी फार छान सांगितलं. पण एक दुरुस्ती करते, जित्याची खोड आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "कुमुदताई अत्यंत निगर्वी होत्या." कोण? कुमुद? अहो सर, तुम्ही नवीन आहात. नवीन पुस्तक छापून आलं की पहिली प्रत माझ्या टेबलावर आपटायची. "बघ." मी बघायचे. "कसं झालंय?" मी म्हणायचे, "बरं झालंय." "बरं काय? फर्मास झालंय म्हण." आणि मी म्हणेपर्यंत उठायची नाही. गर्व होता तिला. असायलाच हवा होता. तोच तर मला सहन होत नव्हता.

कारण मंडळी, मुलांसाठी लिहिते ती मी. कविता, गोष्टी, नाटुकली. जन्मभर लिहिलं. वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे नाही. आमचे प्रकाशक समोर पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा माझ्या पुस्तकांचे किती गठ्ठे गोदामात आहेत. नको, नका विचारू, शोकसभेत एकच दुःख पुरे.

आणि ही? हिला रजेचा अर्ज लिहिता यायचा नाही. तो मी लिहून द्यायचे, खाली ही सही करायची. आणि पुस्तकं कोणाची? हिची! बरं, पुस्तकात आहे काय? एक अक्षर नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती चित्रं. पोरं खेळतायत. बस्स. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव आणि कुमुदचं नाव, की झालं पुस्तक. आणि हीच पुस्तकं हरसूलला, वणीला, तिकडे नामपूरला पोरांच्या हातात फाटेस्तोवर फिरतात. चिकटपट्ट्या लावून लावून जाड झालेल्या प्रती मी या डोळ्यांनी बघितल्यात. माझी पुस्तकं बघाल तर कोरी करकरीत. लोक फार जपतात.

ज्यांनी तिची पुस्तकं बघितली नाहीत, त्यांना काय सांगू? चित्रं शब्दांत सांगायची म्हणजे पंचाईत. पण माझा धंदाच तो. तिचं पहिलं पुस्तक लंगडीचं. मैदानात लंगडीचा डाव चाललाय. एक मुलगी एका पायावर सगळ्यांना बाद करते, एकच गडी उरतो, आणि तो रेषेबाहेर पळतो. आता नियमाने तो बाद. पण हिला ते पटत नाही. ही त्याच्यामागे लंगडी घालत मैदानाबाहेर जाते. बाजारातून, कांद्याच्या ढिगांवरून, पुलावरून, डोंगरावरून. दुसरा पाय टेकला की आपण बाद, म्हणून टेकत नाही. ढगांवर जाते तरी टेकत नाही. आणि शेवटच्या पानावर तिचा तो वर धरलेला पाय तेवढा दिसतो, खाली काय आहे ते दिसतच नाही. टेकला की नाही? कोण जाणे. मी तिला विचारलं, "अगं, टेकला की नाही ते सांग तरी." म्हणाली, "मला काय माहीत?"

काय उत्तर आहे हे? लेखिका म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता, ही चित्रं काढायला कधी लागली माहितेय? हे कोणी सांगितलं नाही आज, म्हणून सांगते. फेब्रुवारी आला की पोर्शन उरलेला असायचा. मग आम्ही काय करायचो? खेळाचा तास मागून घ्यायचो. गणितवाले घ्यायचे, इंग्रजीवाले घ्यायचे, आणि सगळ्यात जास्त मी घ्यायचे. मुलं हिरमुसायची, आणि त्यांच्याहून जास्त ही हिरमुसायची. स्टाफरूममध्ये जायचं सोडून माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसायची, पोरांसारखी. मी समास शिकवतेय आणि ही मागे पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलने काहीतरी करतेय. एकदा तास संपल्यावर मी जाऊन बघितलं. माझाच वर्ग काढला होता. तीच मुलं, तेच गणवेश. पण सगळी पळत होती. बाकांसकट पळत होती! फळ्यासमोर कोणी नव्हतं. मी विचारलं, "मी कुठाय?" म्हणाली, "तू दमून बसलीस."

तर मंडळी, मी तिचे तास घेतले नसते तर ही पुस्तकं झालीच नसती. श्रेय द्या मला. एवढ्या वर्षांत कोणी दिलं नाही, तिने तर नाहीच दिलं. एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तरी? पण अर्पणपत्रिकेला शब्द लागतात ना! आमच्या पीटीला तीही सबब होती.

पहिलं पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, आता शब्द मीच लिहिणार. हे काय विचारायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिला लिहिता येत नाही, मला येतं, समोरासमोर घरं, रोजचा चहा. मी तर मनातल्या मनात पहिली ओळ जुळवलीसुद्धा. तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "पीटी, दे इकडे ते, मी लिहिते." ती कांदे चिरत होती. वर न बघता म्हणाली, "नको गं."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. बस, भजी खाऊन जा."

मी भजी खाल्ली. राग आला म्हणून भजी कोण सोडतंय? पण ते 'नको गं' घशात अडकलं ते अडकलंच. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मला हवंय हे तिला कळलं असतं ना! त्यानंतर तिचं प्रत्येक पुस्तक आलं की मी मुकाट्याने त्यातल्या प्रत्येक चित्राखाली मनात एक ओळ लिहायचे. चांगल्या ओळी होत्या हो. अजून पाठ आहेत.

तिची एक रीत होती. पुस्तक छापायच्या आधी चित्रांची चवड घेऊन ती पोरांकडे जायची. एका वेळी एकालाच आत बोलवायची. त्याच्या हातात चित्रं द्यायची आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसायची. पाठ! म्हणायची, "माझ्या तोंडाकडे बघून पोरं उत्तर शोधतात, म्हणून तोंडच दाखवायचं नाही." पोरगं पान उलटत आपल्या मनाने गोष्ट सांगायचं, ही ऐकायची. आणि एखाद्या पानावर दोन पोरांनी एकच गोष्ट सांगितली, तर ते पान बाद. फाडून नवीन काढायची. मी म्हणायचे, "अगं वेडे, दोघांना एकच कळलं म्हणजे चित्र छान जमलं!" ती म्हणायची, "म्हणजे मी ओरडून सांगितलं. मैदानात मी ओरडते तेवढं बस आहे."

पुस्तक छापून झाल्यावरही ती असं ऐकायला जायची. एकदा मी तिच्याबरोबर हरसूलच्या बाजूला एका शाळेत गेले होते. तिकडच्या गुरुजींना आधी कळवलं होतं की पुस्तकाच्या बाई येणार आहेत. आता भला माणूस तो, पाहुण्यांपुढे फजिती नको म्हणून त्याने काय केलं असेल? आदल्या आठवड्यात चित्रांचं पुस्तक मुलांना वाचून दाखवलं आणि पाठ करून घेतलं! शब्द नसलेलं पुस्तक, पाठ! आम्ही गेलो, ही पाठ करून बसली, पहिली मुलगी आली आणि हात मागे बांधून खड्या आवाजात सुरू, "या चित्रात एक मुलगी लंगडी घालीत आहे. खेळ खेळल्याने शरीर निरोगी राहते." दुसरा आला. "या चित्रात एक मुलगी लंगडी घालीत आहे. खेळ खेळल्याने..." तिसराही तेच. मी तोंडाला पदर लावून हसतेय, आणि गुरुजी कौतुकाने बघतायत.

मला वाटलं ही त्या गुरुजींना फाडून खाणार. पण नाही. उठली, शिट्टी फुंकली, सगळ्या शाळेला बाहेर काढलं आणि लंगडीचा डाव मांडला. गुरुजींनाही उतरवलं. धोतर नव्हतं म्हणून बरं, पॅन्टवर होते बिचारे. पोरं घामाघूम होईस्तोवर खेळली, लोळली, भांडली. मग पुन्हा आत. पुन्हा ही पाठमोरी. तीच पहिली मुलगी आली, मगाशी हात बांधून उभी होती ती. आता तिने चित्र बघितलं आणि म्हणाली, "ती पोरगी नाय. तो वारा हाय. वाऱ्याला दुसरा पायच नाय, मंग टेकंल कसा?"

मंडळी, मी मराठीची बाई. असं वाक्य मला आयुष्यात सुचलं नाही. त्या पोरीला सुचलं, आणि सुचवलं कोणी? जिला रजेचा अर्ज येत नव्हता तिने. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती आणि मी जागी राहून जळत होते. जळणं म्हणजे काय ते मला कोणी विचारावं.

नामपूरला असंच. तिथे एक पोरगा पडलेल्या मुलीचं चित्र बघून म्हणतो, "ती पडेल नई शे, ती जमीनले कान लाई राहिनी." पडली नाही, जमिनीला कान लावून ऐकतेय म्हणे. त्याच्या भाषेत त्याने सांगितलं, आणि पुस्तक त्याच्या भाषेतलं झालं. माझं पुस्तक हातात घेऊन तोच पोरगा आधी माझी मराठी शिकला असता, मग गोष्टीपाशी आला असता. आला असता की नाही कोण जाणे.

आणि मंडळी, हे बाहेरचं झालं. माझ्या घरात काय झालं? माझी नात पुण्याला असते. शाळा इंग्रजी. मराठी बोलते गोड, वाचायला सांगितलं की तोंड वाकडं. सुट्टीत आली तेव्हा मी माझं नवं पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं. आजीचं पुस्तक! दुसऱ्या दिवशी बघते तर माझं पुस्तक तसंच, आणि ही बया पांघरुणात कुमुदचं लगोरीचं पुस्तक घेऊन स्वतःशी बोलतेय. त्यात ती लगोरी रचतायत ना पोरं, दगडावर दगड, दगडावर दगड, आणि त्याचा डोंगर होतो, आणि वर चढलेल्या पोराला खाली यायचंच नसतं, ते पुस्तक. मी दाराआडून ऐकत होते. माझी नात, माझ्या घरात, अस्खलित मराठीत गोष्ट सांगत होती. तिला ती मराठी मी शिकवली होती. आणि पुस्तक पीटीचं!

संध्याकाळी कुमुदला सांगितलं तर काय म्हणाली असेल? "फर्मास आहे ना पुस्तक?"

बरं. आता मुद्द्यावर येते. सुहास घड्याळ बघतोय.

कुमुद गेली तेव्हा तिच्या टेबलावर एक पुस्तक पूर्ण होऊन पडलं होतं. चित्रं सगळी झाली होती. फक्त पोरांकडे न्यायची राहिली होती. खेळ कोणता? विषामृत. आजच्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. ज्याच्यावर राज्य त्याने तुम्हाला शिवलं की 'विष'. जिथे असाल तिथे पुतळा व्हायचं. मग आपल्यातल्या दुसऱ्या कोणी येऊन हात लावून 'अमृत' म्हटलं, की सुटका. या पुस्तकात एका मुलीला विष मिळतं. ती थांबते. डाव चालू राहतो, शाळा सुटते, पोरं दप्तरं घेऊन घरी जातात, आणि तिला सोडवायचं सगळे विसरतात. ती नियमाची पक्की, हलत नाही. अंधार पडतो, सकाळ होते, पाऊस येतो, ऊन येतं. तिच्या पसरलेल्या हातावर चिमण्या घरटं करतात, दुसऱ्या हातावर कोणी ओला टॉवेल वाळत टाकून जातं. ती वाट बघतेय. आणि शेवटच्या पानावर, कागदाच्या कडेतून एक हात आत येतो. नुसता हात, मनगटापर्यंत. बस्स. पुस्तक संपलं.

सुहास आणि आमचे प्रकाशक दोघं माझ्या घरी आले. प्रकाशक म्हणाले, "बाई, बिनशब्दांची पुस्तकं ग्रंथालयांच्या गळी उतरवता उतरवता आमचा दम निघतो. याला तुमचे शब्द असले तर लगेच छापू. मुखपृष्ठावर दोघींची नावं. कुमुदबाईंच्या शोकसभेतच जाहीर करू." सुहास म्हणाला, "मावशी, तुमच्याशिवाय कोणाला सांगणार?"

दोघींची नावं! एका रेषेत, शेजारी शेजारी. इतकी वर्षं जे मागायचं धाडस झालं नाही, ते दारात चालत आलं होतं. ते दोघं गेल्यावर मी दार लावलं आणि रडले. तुम्हाला वाटेल तिच्यासाठी. नाही हो. आनंदाने रडले. ती गेली आणि मला जागा झाली, असं वाटलं. लाज वाटते का? वाटते. पण वाटलं ते वाटलं.

लगेच बसले आणि लिहून टाकलं. खोटं नाही बोलत, माझ्या हातून एवढं चांगलं कधी उतरलं नव्हतं. लहान वाक्यं, एक शब्द जास्त नाही. आणि शेवटच्या पानाला, त्या हाताखाली लिहिलं, 'मैत्रीण परत आली होती.' एवढंच. कारण तो हात माझा आहे हो. माझाच असणार. दुसरा कोणाचा असेल? इतक्या वर्षांच्या चहानंतर तिने शेवटच्या पानावर हात काढला, तो मराठीचा नसेल तर कोणाचा?

परवा रविवारी आमच्या बिल्डिंगमधली पोरं घरी बोलावली. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय? चिवडा दिला, सरबत दिलं, चित्रं दाखवत दाखवत माझे शब्द वाचले. पोरं कशी बसली होती! हूं नाही की चूं नाही. शेवटची ओळ वाचली तेव्हा एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, बघ पीटी, बघ.

आणि मग काय अवदसा आठवली मला! म्हटलं, आता हिच्याच रीतीने करून बघू. हिच्याच मैदानात हिला हरवू. खुर्ची फिरवली, पोरांकडे पाठ केली आणि म्हटलं, "आता एकेकाने चित्रं बघून मला गोष्ट सांगा."

पहिल्याने सांगितली. माझी वाक्यं. जशीच्या तशी. मला बरं वाटलं. दुसरीने सांगितली. तीच वाक्यं. तिसरा म्हणाला, "माझं पण सेम." मी म्हटलं, "अरे, वेगळं काही दिसत असेल तर सांग." "नाही, सेमच आहे." मग मी विचारलं, "बरं, तो शेवटचा हात कोणाचा?" सगळी एका सुरात, "मैत्रिणीचा!" मी म्हटलं, "कशावरून? आईचा नसेल? दुसऱ्या कोणाचा नसेल?" तर ती मगाशी रडलेली पोरगी काय म्हणाली? "आजी, तुम्हीच तर सांगितलंत ना. लिहिलंय ना तिथे."

खेळ खेळल्याने शरीर निरोगी राहते.

मी पाठमोरीच बसून राहिले. पोरांना वाटलं मला रडू येतंय. रडू नव्हतं येत. मी कुमुदला शिव्या देत होते. मनात. शुद्ध मराठीत. "अगं भवाने, तेव्हा कांदे चिरता चिरता कारण सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" पण खरं म्हणजे सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वाद घातला असता आणि जिंकलेही असते. बोलण्यात ती मला कधी हरवू शकली नाही.

खालच्या मजल्यावरची धाकटी, रविवारी जी तापाने झोपलेली होती, ती काल सोमवारी चिवडा मागायला आली. तिने माझे शब्द ऐकले नव्हते. मी तिच्या हातात नुसती चित्रं दिली आणि पाठ केली. तिने मुलीचं नाव ठेवलं, चिमण्यांची नावं ठेवली, टॉवेल कोणाचा त्यावरून स्वतःशीच भांडली. शेवटचं पान आलं. पान मागेपुढे उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हा हात माझा आहे."

माझा म्हणाली! मी तीन दिवस ज्या हातावर नाव घालून बसले होते, तो हात त्या शेंबड्या पोरीने येऊन सरळ उचलून नेला. आणि मंडळी, तिने चित्रावर हात ठेवला असणार, कारण मला मागून ऐकू आलं, हळूच, "अमृत."

सुहास, प्रकाशक साहेब, मघापासून तुम्ही माझ्याकडे बघताय. आता जाहीर करायचं होतं ना? ऐका. मी शब्द देणार नाही. पुस्तक आहे तसं छापा. नाव एकच, कुमुदचं. ग्रंथालयं घेत नसतील तर मी या गुडघ्यांनिशी एकेका ग्रंथालयाच्या पायऱ्या चढेन आणि भांडेन. भांडणाला शब्द लागतात, ते माझ्याकडे आहेत.

हे मी तुमच्या घरी येऊन सांगू शकले असते. इथे एवढ्या लोकांपुढे का सांगतेय? मोठेपणा म्हणून नाही. मोठेपणा माझ्याकडे नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. मला अजून तेवढीच जळजळ होतेय. उलट जास्त, कारण ती बरोबर होती. इथे सांगतेय कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. उद्या सकाळी चहा पिताना मला पुन्हा वाटेल की एक ओळ, फक्त शेवटच्या पानावर, अगदी बारीक टायपात, काय हरकत आहे? म्हणून तुम्ही सगळे साक्षीला हवात. सुहास, मी तुझ्या दारात आले आणि 'एकच ओळ' म्हणाले, तर मला आत घे, भजी खायला घाल, आणि 'नको गं मावशी' म्हणून घरी पाठव.

कुमुद, फर्मास झालंय. घे, म्हटलं.

आता सगळे उभे राहू या. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी बसलं तरी चालेल. थोडा वेळ तिच्यासाठी शांत राहू. त्या शांततेत काय आठवायचं, ते मी सांगणार नाही.